साथ ओसरल्यावर

जमीला मनियार बांगड्या भरायला बसली की समोरच्या बाईच्या तोंडाकडे आधी बघायचीच नाही. हात हातात घ्यायची, अंगठ्याच्या बुडाशी हलकंच दाबायची आणि न विचारता बरोबर मापाच्या बांगड्या उचलायची. निरवांगीच्या कितीतरी लेकी तिच्याकडून चुडा भरून सासरी गेल्या होत्या. सासऱ्यांचा हा धंदा तिनं लग्नानंतर असा काही अंगावर घेतला, की नवरा इब्राहिम बिनघोर लोणी देवकरला एका कारखान्यात मशीनवर कामाला जाऊ लागला.

दोघांना एकच लेक, सिमरन. दुसरीत शिकणारी, अंगानं बारीक, पण तोंडाचा पट्टा अखंड चालू. तिचं निम्मं बालपण शेजारच्या मुक्ताबाईंच्या ओट्यावर गेलं. मुक्ताबाईंचा ऊस होता, केळी होत्या, घरात जीपगाडी होती. पण त्यांचा जीव गुंतलेला होता तो नातवात, राजवर्धनमध्ये. तो सिमरनच्याच वर्गात. जमीला बाजाराला किंवा लग्नघरी गेली की दोन्ही पोरं एका ताटात जेवायची. 'तुझी-माझी' हा शब्द त्या दोन घरांत पोरांच्या बाबतीत कधी निघाला नव्हता.

श्रावणात शाळेत साथ आली. पोरांना ताप यायचा आणि तळहातावर, तळपायांवर, तोंडात बारीक फोड उठायचे. राजवर्धन आधी आजारी पडला. ताप पुरता उतरला नव्हता तोच तो ओट्यावर येऊन बसला आणि सिमरननं त्याच्याच पेल्यातलं उरलेलं ताक पिऊन टाकलं. आठवडा सरायच्या आत तिचेही हात फोडांनी भरले. जमीलानं तिला चार दिवस थंड दूध-भात भरवला. फोड सुकले, ताप गेला, पोरं पुन्हा उंडारायला लागली. गाव ती साथ विसरूनही गेलं.

दिवाळीनंतर सिमरनला तहान लागू लागली. तांब्या तोंडाला लावला की रिकामा करूनच खाली ठेवायची. वर्गातून सारखी लघवीला जाते म्हणून बाईंची तक्रार आली. इतकी मोठी पोर अंथरूण ओलं करायला लागली, तेव्हा जमीलानं तिला रागावलंही. खाणं तर वाढलेलं, पण फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागलेला. गावातल्या डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं. मग एका सकाळी सिमरनला उलट्या सुरू झाल्या. पोट धरून ती वाकली, आणि दुपारी तिचा श्वास असा चालायला लागला, जणू काही कोणी तिला मैलभर पळवून आणलंय.

डॉक्टरांनी तिचं बोट टोचून रक्ताचा थेंब छोट्या मशीनला लावला. मशीनकडे बघून त्यांचा चेहरा उतरला.

"आकडा येत नाही. नुसतं 'हाय' दाखवतंय."

"हाय म्हंजी? काय हाय?" इब्राहिमनं विचारलं.

"मशीनला मोजता येत नाही इतकी साखर आहे, इब्राहिमभाई. इथं थांबू नका. बारामती गाठा."

साखर कारखाने सुरू झाले होते. जंक्शनच्या फाट्यापर्यंतचा रस्ता उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरलेला. भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला. जमीलाच्या मांडीवर डोकं ठेवून सिमरन पडली होती, आणि तिच्या तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येत होता. लासुर्ण्याजवळ तिनं डोळे मिटले ते हाका मारूनही उघडेनात. इब्राहिम तिचे तळपाय चोळत होता. जमीलाला दुआसुद्धा नीट आठवेना. अर्धी म्हणायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

बारामतीच्या दवाखान्यात सिमरनला आत नेलं आणि दार बंद झालं. ते दार उघडून डॉक्टरीणबाई बाहेर येईपर्यंत जमीला एकदाही खाली बसली नाही.

"जीव वाचलाय," बाई म्हणाल्या. "पण तिला मधुमेह झालाय. टाइप वन म्हणतात याला. आता तिला रोज इन्शुलिन घ्यावं लागेल. कायम."

"लहान लेकराला साखर?" जमीला म्हणाली. "बाई, आमच्यात कुणालाच न्हाय वो. गोडधोड तरी कुठं एवढं खाती ती?"

"गोड खाण्यानं हा होत नाही. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही, हे आधी मनात पक्कं धरा." मग बाईंनी विचारलं, "मागच्या काही महिन्यांत तिला काही ताप, साथ?"

जमीलानं श्रावणातल्या फोडांचं सांगितलं. बाईंनी मान हलवली आणि सावकाश समजावलं. शरीरात जंतू शिरला की त्याच्याशी लढायला शरीराची स्वतःची फौज उठते. एखाद्या पोराच्या बाबतीत ती फौज चुकते आणि आपल्याच घरातल्या माणसांवर चालून जाते. पोटात स्वादुपिंड असतं, त्यात इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी असतात, त्यांनाच ती मारत सुटते. काही व्हायरसचा आणि या आजाराचा असा संबंध अभ्यासात दिसलाय. "पण सिमरनला त्याच तापानं झालं असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "आतलं बिघडणं कदाचित त्याच्या खूप आधीच सुरू झालेलं असेल."

बाई बोलल्या ते सगळंच जमीलाच्या कानावर पडलं, पण मनात शिरलं ते अर्धंच. ताप. राजवर्धनचा पेला. त्यातलं ताक.

गावी परतल्यावर मुक्ताबाई धावत आल्या, हातात शिऱ्याचं पातेलं घेऊन. जमीला दारातच उभी राहिली. "तिला चालत न्हाय," एवढंच म्हणाली आणि आत वळली. त्यानंतर ओट्यावरून मारलेल्या हाकेला तिनं ओ दिली नाही. सिमरनला शेजारी जायची बंदी झाली. राजवर्धन कुंपणाशी येऊन उभा राहायचा, आणि त्याचे धडधाकट पाय, गुबगुबीत गाल बघून जमीलाच्या आत काहीतरी पेटायचं. ताप दोघांना आला. मग माझीच पोर का? लेकराचा राग करतोय याची तिला लाजही वाटायची, आणि राग जायचाही नाही.

इन्शुलिनची सुई मात्र ती शिकली. काचेचा ओरखडा कुणाला येऊ न देणारा तिचा हात लेकीच्या पोटाची कातडी चिमटीत धरताना आधी अडखळायचा, पुढं सरावला. जेवणाआधी बोट टोचायचं, आकडा बघायचा, बाईंनी सांगितल्याप्रमाणे सुई द्यायची. इब्राहिम त्या वेळी अंगणात जाऊन उभा राहायचा. त्याला बघवायचं नाही.

थंडी सरता सरता एक अजब झालं. साखर आपोआप खाली राहू लागली. बाईंनी डोस कमी केला, मग आणखी कमी केला. एका संध्याकाळी खेळून आलेली सिमरन दारातच घामानं डबडबली, हातपाय कापायला लागले, बोबडी वळली. सुईनं साखर आता फारच खाली नेली होती. जमीलानं पळत जाऊन साखरपाणी पाजलं तेव्हा कुठं पोर भानावर आली. इब्राहिमनं ते डोळ्यांनी बघितलं आणि हबकून गेला.

"साखर न्हाय मारत तिला, ही सुई मारती," तो म्हणाला. "बाईच बोलल्या ना, व्हायरसनं झालं म्हणून? व्हायरस कवाच गेला. मग साखर बी जाणारच. जाया लागलीयच की!"

"बाईंनी बजावलंय, कमी लागलं तरी बंद करायचं न्हाय."

"त्यांचं कामच हाय ते. माझ्यासंगं कामाला असलेल्या एकाच्या मेहुण्याची साखर काढ्यानं गेली. भीमेकडच्या गावात एक माणूस देतो."

मेहुणा पन्नाशीचा, त्याचा मधुमेह वेगळ्या जातीचा, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. काढा घरात आला. जमीलानं त्याला हरकत घेतली नाही, कारण सुई तिच्या हातात होती. काढा कडू होता, सिमरन नाक दाबून प्यायची, आणि आकडे चांगले येत राहिले. इब्राहिम ते आकडे बघून हसायला लागला. इतक्या महिन्यांनी त्याला हसताना बघून जमीलाचंही मन कधी कधी डळमळायचं. पण सुई ती देत राहिली.

लग्नसराईत इंदापूरच्या एका मोठ्या लग्नघरानं तिला चुड्यासाठी बोलावलं. दोन दिवसांचं काम, मुक्काम बहिणीकडे. सिमरनला जरा सर्दी होती, अंग किंचित कोमट लागत होतं. जमीलाचा पाय निघेना. इब्राहिमनं सुट्टी टाकली होती. त्यानं सुईचं सगळं तिच्यासमोर करून दाखवलं, एकदाही चुकला नाही. "जा तू, मी हाय ना," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लग्नघरात बायकांचा गराडा होता. नवरीचा हात जमीलाच्या हातात होता आणि फोन वाजला. पडद्यावर मुक्ताबाईंचं नाव. तिनं फोन कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा इब्राहिमचं नाव आलं म्हणून तिनं उचलला, तर आवाज मुक्ताबाईंचाच.

"जमीला, कापू नगंस. सिमरनला घिऊन आमी बारामतीला निघालोय."

नवरीचा हात जमीलाच्या हातातून सुटला.

"सकाळपासनं पोरगी आमच्या रांजणावर येऊन पाणी पितीय," मुक्ताबाई भराभरा सांगत होत्या, मागून जीपचा आवाज येत होता. "तांब्यावर तांब्या. मला राहवलं न्हाय. जवळ घेतली तर तोंडाला वास येतोय, कुजक्या फळावानी. इब्राहिमला विचारलं, तर म्हणतो सुई कालपासनं दिलीच न्हाय, नुसता काढा दिलाय."

नवरीच्या आईनं जमीलाला पाणी पुढं केलं, ते तिनं बाजूला सारलं.

"श्वास कसा चाललाय तिचा?"

"फुललाय. पण बोलतीय. तुझंच नाव घेतीय."

"काकू, माझ्या कपाटातला निळा डबा घेतलाय का? मशीन हाय त्यात."

"घेतलाय. इब्राहिमनं बघितलं. पुन्हा तेच दाखवतंय, हाय का काय ते."

"पाणी मागंल तेवढं द्या. झोपू दिऊ नका तिला. बोलत ऱ्हावा तिच्याशी. मी बाईंना कळवती."

तिनं दवाखान्यात फोन लावला आणि पोरीचं नाव, आजार, मशीनवर काय दिसतंय, सुई कधीपासून बंद आहे, सगळं एका दमात सांगितलं. मग बांगड्यांची पेटी तशीच उघडी टाकून ती स्टँडकडे पळाली.

एसटी बारामतीची मिळाली खरी, पण ती थांब्या-थांब्यावर थांबत जाणारी. निमगाव केतकीला माणसं चढली-उतरली. पुढच्या एका थांब्यावर एक म्हातारा पिशव्या चढवत बसला आणि जमीलाला वाटलं, उठावं आणि त्या पिशव्या आपणच आत ओढाव्यात. उन्हानं खिडकीची दांडी तापली होती, ती तिनं तशीच धरून ठेवली. जंक्शनला तिनं फोन लावला, कोणी उचलला नाही. लासुर्ण्याला पुन्हा लावला. याच ठिकाणी गेल्या वेळी सिमरननं डोळे मिटले होते. फोन वाजत राहिला. भवानीनगर आलं, गेलं. आपण सुई कुणाच्या भरवशावर सोडली, हा एकच विचार तिच्या डोक्यात घण घालत होता.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर इब्राहिम डोकं गुडघ्यात घालून बसला होता. ती समोर उभी राहिली तरी त्यानं मान वर केली नाही.

"आत घेतलीय," तो म्हणाला. "सलाईन लावलंय. मला वाटलं, जमीला... मला वाटलं, गेलीय ती साखर. तू परत आल्यावर तुला दाखवणार हुतो, बिनसुईची बरी हाय म्हणून."

तिला खूप बोलायचं होतं. एक शब्द तोंडातून बाहेर पडला असता तर मागचे थांबले नसते, म्हणून ती त्याला ओलांडून वर गेली.

वऱ्हांड्यात बाकावर मुक्ताबाई बसल्या होत्या. लुगड्यावर सिमरनच्या उलटीचे डाग, केस विस्कटलेले. जमीला त्यांच्या शेजारी बसली.

"काकू," जमीला म्हणाली, "तुमाला कसं कळलं? तो वास, ते पाणी पिणं?"

मुक्ताबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "इब्राहिमकडनं सिमरनचं सगळं कळल्यापासनं मी राजवर्धनच्या मागं डोळं लावून बसलीय. त्यानं जादा पाणी प्यालं की मी तांबे मोजती. लघवीला उठला की मी उठती. झोपला की त्याच्या तोंडाचा वास घिऊन बघती. इंदापूरला निऊन दोनदा रक्त तपासलं, घरात कुणाला सांगितलं न्हाय. एकच ताप दोघांला आला हुता ना गं? मग तुझीला झालं ते माझ्याला हुईल, ह्या भ्यानं मी रोज मरती."

जमीलानं त्यांच्याकडे तोंड वळवलं.

"आन तू का बोलत न्हाईस, ते बी मला कळतंय," मुक्ताबाई म्हणाल्या. "ते ताक माझ्या घरातलं. मी त्याला घरात बांधून ठिवाया पायजे हुता."

कित्येक महिने जमीला हेच वाक्य मनात मुक्ताबाईंवर फेकत आली होती. आता त्यांच्याच तोंडून ते ऐकल्यावर तिला रडू फुटलं.

संध्याकाळ होता होता दार उघडलं. सिमरन शुद्धीवर होती, श्वास खाली आला होता. "थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी इब्राहिमला वर बोलावून घेतलं आणि तिघांना समोर बसवलं. त्या चिडलेल्या होत्या, पण आवाज चढवला नाही.

"इब्राहिमभाई, समजा घराला आग लागली. आग विझली, म्हणून जळालेलं घर आपोआप उभं राहतं का?"

"न्हाय."

"ताप गेला, व्हायरस गेला, पण इन्शुलिन तयार करणाऱ्या बहुतेक पेशी गेल्या त्या गेल्या. मधे डोस कमी लागला तो काढ्यानं नाही. बाहेरून इन्शुलिन मिळालं की उरलेल्या थोड्या पेशींना विसावा मिळतो आणि त्या काही महिने जोर धरतात. खूप मुलांमध्ये होतं असं. मग त्याही दमतात. त्यात आता तिला पुन्हा सर्दी-ताप होता. आजारपणात शरीराला इन्शुलिन उलट जास्त लागतं. आणि नेमकी त्याच वेळी तुम्ही सुई बंद केली."

इब्राहिमनं दोन्ही हात जोडले.

मुक्ताबाईंनी मात्र विचारलंच. "बाई, माझ्या नातवाचा ताप हिला लागला. त्यानंच झालं का हे?"

"साथ साऱ्या शाळेत होती, आजी. तुमच्या ओट्यावर नसता लागला तर वर्गात लागला असता. शेकडो पोरांना तो ताप येतो आणि जातो. लाखात थोड्याच पोरांच्या शरीराची घडण अशी असते, की फौज आपल्यावरच उलटते. तापानं काडी लावली, का आत आधीच धुमसत होतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकत नाही. यात गुन्हेगार शोधू नका. सापडणार नाही."

मग मुक्ताबाईंनी राजवर्धनच्या दोन्ही तपासण्यांचे आकडे सांगितले, आणि ते ऐकून बाईंनी काळजीचं कारण दिसत नाही, असं सांगितलं. मुक्ताबाईंनी डोळे मिटून घेतले. जमीलानं त्यांचा हात धरला तो वऱ्हांड्यात येईपर्यंत सोडला नाही.

नवऱ्याशी मात्र तिला लगेच बोलता आलं नाही. घरी आल्यावर इब्राहिमनं काढ्याची बाटली मोरीत ओतली. तिनं बघितलं आणि भाकऱ्या थापत राहिली. सकाळी तो आपणहून निळा डबा घेऊन सिमरनसमोर बसला. कपाळावर घाम होता.

"अब्बा, तुम्ही डोळे मिटलेत," सिमरन म्हणाली. "उघडा आधी!"

त्यानं डोळे उघडले, आकडा दोनदा वाचला आणि सुई दिली. त्या दिवसापासून सकाळची सुई त्याची. जमीला पहिले कित्येक दिवस मागं उभी राहून बघायची. भरवसा एकदा फाटला की शिवायला वेळ लागतो, आणि तो वेळ तिनं घेतला.

पुढच्या पावसाळ्यात गावात पुन्हा ताप सुरू झाला. सिमरन कणकणली तशी तिची साखर चढायला लागली. पण या वेळी काय करायचं ते तिघांनाही ठाऊक होतं. इब्राहिम कामाला गेला नाही. थोड्या थोड्या वेळानं बोट टोचलं, लघवीत आम्ल उतरतंय का ते पट्टीवर बघितलं, बाईंना फोन करून डोस वाढवून घेतला. मुक्ताबाई लिंबू-मीठ घातलेलं पाणी घेऊन उशाशी बसल्या. राजवर्धनला दारातूनच बघायची परवानगी होती. ताप त्याला लागू नये म्हणून आता सिमरनच त्याला लांब बस म्हणून ओरडत होती. दुपारपर्यंत आकडा चढत राहिला आणि घरात कोणी जेवलं नाही. तिसऱ्या प्रहरी तो थांबला. मग खाली यायला लागला.

"अम्मी," सिमरन उठून बसली, "भूक लागलीय. आणि आज मला तिखट काहीतरी पायजे."

इब्राहिम चुलीकडे गेला. जमीलानं मशीन डब्यात ठेवलं, पाठ भिंतीला टेकली आणि सकाळपासून पहिल्यांदाच पाय लांब केले.